फार लवकर

कोड पंच्याहत्तर: आधी परवानगी आणा.
कोड एकोणऐंशी: फार लवकर आलात.
सॅगिनॉच्या या दुकानात, औषधांच्या खिडकीमागे
अकरा वर्षं मी हे दोन आकडे माणसांना
जमेल तितक्या हळू आवाजात सांगत आले.

ड्वेन सोबचॅक शाळेच्या फरशा पुसतो, बॉयलर सांभाळतो.
कमरेला चाळीस किल्ल्या,
घराचीच तेवढी हरवलेली.
त्रेचाळिसाव्या वर्षी कळलं त्याला,
तेही मुलीला तपासायला नेलं म्हणून.
ब्रिनसाठीचे प्रश्न डॉक्टरीणबाई वाचत गेल्या
आणि मान याची हलत गेली.

तोवर सगळा जन्म वरातीमागून घोडं.
लग्नाला उशीर. घटस्फोटाच्या तारखेलाही उशीर.
हे त्यानंच सांगितलं, हसत,
रांगेत मागे चौघं ताटकळत असताना.

मग गोळी सुरू झाली.
डिसेंबरात तो चक्क चार दिवस आधी आला.
मनगटाला रबरबँड, तळहातावर निळ्या पेनानं "औषध",
चेहऱ्यावर पहिला नंबर आलेल्या पोराचा उजेड.
मी नाव घातलं.
एकोणऐंशी.
आयुष्यात पहिल्यांदा माणूस कुठंतरी वेळेआधी पोचला
आणि यंत्र म्हणालं, फार लवकर.

हसलो आम्ही दोघंही. तेव्हा हसता येत होतं.

जानेवारीत शाळेनं विमा कंपनी बदलली.
नव्या कंपनीच्या मते हे दुखणं
अठराव्या वाढदिवशी, केक कापता कापता, आपोआप बरं होतं.
ब्रिनची गोळी: दहा डॉलर.
बापाची तीच गोळी, तोच रंग: पंच्याहत्तर.
विम्याशिवाय घ्यायची तर तीनशे बारा.

परवानगी हवी? मग डॉक्टरांचा फॅक्स हवा,
दोन स्वस्त गोळ्यांवर आधी नापास झाल्याचा दाखला हवा,
सातवीत वही विसरत होता याला कुणी साक्षीदार हवा,
फोनवर पन्नास मिनिटं पियानोचं तेच तुणतुणं,
आणि शेवटी एक गोड आवाज: हा विभाग आमचा नाही.
हे सगळं एका जागी बसून, क्रमानं, न विसरता,
तारखेच्या आत.
पाय मोडलेल्याला सांगावं
कुबड्या तिसऱ्या मजल्यावर ठेवल्यात, जिन्यानं या.

नकाराचं पत्र त्याला मार्चमध्ये सापडलं,
फ्रीजरात, मटारच्या पिशवीखाली.
वाचून परत तिथंच ठेवलं म्हणाला.
निदान आता कुठाय ते माहितीये.

एकदा ब्रिनची बाटली घेतली
आणि हातात जरा जास्त वेळ धरली त्यानं.
मी पाहिलं. मग बारकोडकडे पाहत राहिले.
"मोजून देता ना तुम्ही?"
"दोनदा."
"मीही मोजतो. रोज रात्री, ती झोपल्यावर."
पुढं बराच वेळ काही बोलला नाही.
"अजून एकही कमी भरली नाही."

आज दुपारी फॅक्स आला. मंजूर.
एकतीस डिसेंबरपर्यंत. मग पुन्हा पहिल्यापासून.
तीस गोळ्या मोजल्या, दोनदा.
पांढरी पिशवी कुलुपाच्या कपाटात ठेवली.
फोन केला: व्हॉइसमेल भरलेला आहे.
पुन्हा केला. भरलेला आहे.
कुणाकुणाचे निरोप साठलेत त्यात,
त्यातले बहुतेक माझेच असतील.
चौदा दिवसांत कुणी आलं नाही
तर गोळ्या नियमानं परत साठ्यात जातात.

खिडकीचं शटर ओढताना दिसलं,
माझ्या डाव्या तळहातावर निळी शाई,
कधी लिहिलं कोण जाणे:
सोबचॅक. चौदा.