पान सात

सकाळी साडेसहाला इन्क्युबेटर उघडला
आणि आधी वास आला,
द्राक्षं नासत आली की येतो तो.
एकेचाळीस नंबरची प्लेट मी न बघता ओळखली.

सात टिकल्या, प्रत्येकीत एक औषध.
ज्याची मात्रा चालते त्या टिकलीभोवती
काही उगवत नाही, मोकळा गोल राहतो,
चंद्राला खळं पडावं तसा.
तो पट्टीने मोजायचा, मिलिमीटरमध्ये.
टिकलीच मुळात सहाची.
मी लिहिलं: सहा, सहा, सहा, सहा, सहा, सहा.
सातवी टिकली नव्या औषधाची. त्याला अजून नाव नाही,
नुसता क्रमांक.
तिथे अकरा.
पट्टी पुसून पुन्हा लावली. अकराच.

एकेचाळीस म्हणजे सोपान मासाळ, वय चव्वेचाळीस.
मांजरीत उसाच्या कडेची काटेरी तार पोटरीत घुसली
आणि आता पाचव्या मजल्यावर
मशीन त्याला श्वास मोजून देतं.
खाली, पार्किंगच्या कठड्यावर, त्याची बायको बायडाबाई.
चार्जिंग संपलेला मोबाइल मुठीत,
दीडशे मेंढरं मुंढव्याला, दिराच्या हवाली.

संमतीपत्र अठरा पानांचं.
मी वाचते, ती ऐकते,
शेजारच्या खाटेवरच्या पेशंटचा भाचा साक्षीला.
पान सात:
‘सहभागी व्यक्तीस गट अ अथवा गट ब मध्ये
यादृच्छिक पद्धतीने समाविष्ट करण्यात येईल.’
“म्हंजी चिठ्ठी टाकनार,” ती म्हणाली.

या एका वाक्यावर आमच्या कमिटीच्या
तीन बैठका झाल्या होत्या, सामोशांसकट.
“हो,” मी म्हणाले, “चिठ्ठीच.”
“कोन काढनार?”
“कॉम्प्युटर.”
“बरंय. त्याला कुनाची वळख नसती.”

मग म्हणाली, किडा दावा की.
प्लेट वर आणता येत नाही. मोबाइलवरचा फोटो दाखवला,
पहिल्या दिवसाचा, लालभडक.
“रगत?”
“मेंढीचं. त्याच्यावर हे जोमानं वाढतात.”
ती बघत राहिली. भाचा उगाच खोकला.
“कोकरं हगायला लागली की,” ती हळूच म्हणाली,
“मेडिकलवाला कॅप्सुली देतो. फोडून पाण्यात.
उरली तर ह्यांनी बी घ्यायची, सर्दीला.”
मी ते लिहून घेतलं नाही. फॉर्मवर तसा रकाना नाही.
आणि माझ्या वारज्याच्या घरात, फ्रिजवरच्या डब्यात,
पाचातल्या दोन गोळ्या उरलेली एक पट्टी आहे,
मुलाचा ताप तिसऱ्या दिवशी उतरला होता.

दुसरा फोटो आज सकाळचा.
तिचं बोट बरोबर सातव्या टिकलीवर थांबलं.
“हितं खळं हाय.”
“हो. पण बारीक.”
“जवळचं खळं, पाऊस लांब,” ती म्हणाली,
आणि अंगठा पुढे केला.

अकरा म्हणजे गुण येतो,
असं अजून कुणी दाखवलेलं नाही.
तेच दाखवायला ही चिठ्ठी.
मी हे मनात तीनदा म्हटलं
आणि बटण दाबलं.

गट ब.

म्हणजे जुनीच औषधं, जोडीजोडीनं, चढत्या डोसने.
म्हणजे सहा आणि सहा.

प्लेटा संध्याकाळी ऑटोक्लेव्हमध्ये जातात.
एकशे एकवीस अंश, पंधरा मिनिटं, सगळे मरतात,
सहावालेही.
माणसाला तिथे ठेवता येत नाही, अडचण तेवढीच.

मी खाली गेले. सांगितलं.
तिने ऐकलं, मान हलवली, विचारलं,
“ताई, बारीक पिनचा चार्जर हाय का?”
होता. कठड्यामागच्या सॉकेटला लावला.
एक टक्का झाला न झाला तोच फोन वाजला.
पलीकडून दीर बोलत होता,
त्याच्या मागे मेंढरं, सगळी एकदम.