शेकडा तीन

बोकडे सरांनी दारावर खडूनं लिहून ठेवलं होतं:
वजन विचारून आत या.

हिंगण्याच्या त्या शेडमध्ये
आम्ही वर्षभर एक विमान कमी करत होतो.
बांधून झालं होतं केव्हाच.
मग सीट गेली, जाळी आली.
जाळीचं बक्कल गेलं, गाठ आली.
दांड्यांना भोकं पाडली, भोकांच्या कडाही घासल्या.
नाव घातलं नाही, कारण रंगाला वजन असतं.
चार सिलिंडरचं इंजिन तेवढं
घरातल्या थोरल्यासारखं पोटभर जेवायचं.

मी तांडापेठेतली. आमच्या घरी माग होता,
म्हणून पंखांचं कापड माझ्याकडे आलं.
"तुले समजते धाग्यातलं," सर म्हणाले,
जसं काही लुगडं आणि आकाश
एकाच फणीतून निघतात.
मी बरगडी न् बरगडी शिवली,
दर दोन बोटांवर गाठ, वरून लॅकरचा हात.
पाजणी केलेल्या ताण्यासारखं ते सुकताना आवळलं,
टिचकी मारली की बोलायचं.

कौमुदी खोब्रागडे, सत्तेचाळीस किलो.
वेणी कापून आली त्या दिवशी
शेहेचाळीस आठशे.
सरांनी काट्याकडे पाहिलं, तिच्याकडे नाही.
"नखं बी काढू काय, सर?" तीच म्हणाली.

मे महिन्यात इथली हवा तापून पसरते,
पंखाखाली धरायला काही उरत नाही.
म्हणून डिसेंबर. सोनेगाव.
धुकं चढायच्या आत, तासभर उसनी धावपट्टी.
दिल्लीच्या साहेबांनी उंची टिपणाऱ्या डबीला
लाखेचं सील ठोकलं, वर फुंकर घातली.
दीडशे पावलांत चाकं सुटली
आणि विहिरीतून पोहरा ओढावा
तसं ते गेलं, वर, वर,
आमच्या माना दुखेपर्यंत.

आपल्या डोक्यावरून देशभरची विमानं जातात.
मुंबईची कोलकात्याला, दिल्लीची चेन्नईला,
पांढरी रेघ ओढून,
खाली कोण आहे ते न विचारता.
त्या सकाळी त्यांना सांगितलं गेलं:
नागपूरला वळसा घाला,
वर आमचं माणूस आहे.

रेडिओवर ती आधी वाक्यं बोलली.
मग नुसते आकडे.
मग नळीतला श्वास.
"काच आतून गोठली," एकदा.
मग बराच वेळ
शेजारच्या बाभळीवरच्या साळुंक्याच ऐकू आल्या.

उतरली ती इंजिन थांबल्यावर, घारीसारखी, आवाज न करता.
साहेबांनी सील फोडलं. गणित दोनदा केलं.
जुना आकडा मागे पडला होता.
पण नियम असा की तो
शेकडा तीननं मागे पडायला हवा.
आम्ही दोन आणि थोडं.
म्हणजे ती तिथवर गेली होती,
फक्त गेली असं कुठे लिहिता येणार नव्हतं.
"बरं," सर म्हणाले. "चहा सांगा कोणी तरी."
कौमुदीला बोटं वळवता येईनात,
कप मीच धरला.

पंखांवर बर्फाची साय धरली होती,
उन्हानं ती थेंब थेंब सुटत होती.
डाव्या पंखाच्या शेवटच्या बरगडीत
एक गाठ लाल दोऱ्याची आहे,
आईच्या मागावरून उरलेल्या.
तिचं वजन मी विचारलं नव्हतं.

सगळे चहाकडे वळल्यावर
मी तिथे बोट ठेवलं.
अजून गार होती.