पापुद्रा

उदगीरला, नळेगाव रोडवर, अप्पांचं दुकान :
मन्मथ बॅटरी सर्व्हिस.
ट्रॅक्टरची, जीपची, बँडवाल्यांच्या गाडीची,
कुठलीही बॅटरी आली की अप्पा आधी उचलून बघतात.
"वजन हाय," म्हणतात. म्हणजे जीव आहे.
शिसं जितकं जड तितका भरवसा.

मी नांदेडला, विद्यापीठाच्या दुसऱ्या मजल्यावर
चार वर्षं वजन कमी करायच्या मागे.
ग्राफाइट आम्लात कालवते, बर्फात ठेवते,
परमँगनेट चिमटी-चिमटीनं सोडते
(घाई केली तर भांड्यासकट आपणही गेलो),
शेवटी पेरॉक्साइड पडतं
आणि सगळा काळा राडा
ओल्या हळदीसारखा पिवळा होतो.
त्यातून थर सुटतात,
एका अणूच्या जाडीचे.

आईला फोनवर ग्राफीन सांगता येईना.
म्हटलं, भाकरी टम्म फुगल्यावर
वरचा पापुद्रा सुटतो ना, तो.
"आन् खालची भाकर?"
ती नको, आई.
"मग खाता काय तुमी?"

पण थर एकटा राहत नाही.
वाळवला की शेजारच्याला चिकटतो,
सकाळी बघावं तर पुन्हा ग्राफाइटच.
म्हणून मध्ये सिलिकॉनचे कण ठेवायचे.
लिथियम शिरलं की सिलिकॉन तिपटीनं फुगतं, पिचतं;
पापुद्र्यानं त्याला धरायचं,
फुगू द्यायचं
विखरू द्यायचं नाही.
वट्टमवार सर हे फळ्यावर काढतात.
मला ते तव्यावर दिसतं.

दोनशे बाराव्या फेरीला लाइट गेली.
जनरेटरमध्ये डिझेल नव्हतं.
वीज साठवायचा प्रयोग विजेवाचून बंद,
आणि यावर हसायला
अख्ख्या मजल्यावर मी एकटी.

रविवारी उदगीरला गेले, पर्समध्ये एक सेल घेऊन,
शर्टाच्या बटणाएवढा.
अप्पांनी तो तळहातावर तोलला.
तोलतच राहिले. वजन काही लागेना.
मग मीटर लावलं. काटा हलला.
"भरल्यावर किती धरायलीय?"
शंभरातले ऐंशी. दोनशे फेऱ्यांनंतर.
"आन् हजारानंतर?"

हेच विचारून माझा शोधनिबंध परत आला होता,
दीड पान इंग्रजीत.

अप्पांच्या शर्टाला पोटापाशी भोकं,
माझ्या ॲप्रनला बाहीपाशी.
आम्ल एकच, हे मी त्यांना सांगितलं.
"मग ते धुवून काढायचं लगेच,
सोड्याच्या पाण्यानं," एवढंच म्हणाले.

सेल त्यांनी परत दिला नाही.
गल्ल्यात, चिल्लरीच्या कप्प्यात ठेवला;
त्याआधी त्यावर काळ्या टेपचा एक पदर चिकटवला,
नाण्यांना लागून शॉर्ट होऊ नये म्हणून.
मला हे सुचलं नसतं.
बाहेर कोणी ट्रॅक्टरची बॅटरी आणली होती.
"धर गं त्या बाजूनं," अप्पा म्हणाले.