रजेचं कारण

रजेचे अर्ज माझ्याकडे येतात.
भोसरीच्या या पंपांच्या कारखान्यात
एकोणीस वर्षं लोकांची कारणं वाचतेय:
सासऱ्यांचा मोतीबिंदू, मुलीची ॲडमिशन,
गावची जत्रा, पोटात कळ,
एकाच आजीचं तीनदा तेरावं.
सही करते. आजीबद्दल बोलत नाही.

क्वालिटीच्या गव्हाणेंचं कारण मात्र
दर एप्रिलला, दर ऑक्टोबरला
एकाच शब्दाचं: पेपर.
वय छप्पन्न. कसला पेपर?
शॉपमध्ये म्हणायचे, म्हातारा बी.ए. करतोय,
अजून सुटला नाही.
अर्धा दिवस, बिनपगारी.
मी कापत आले.

गेल्या वर्षी वरून फर्मान निघालं:
समाजासाठी काहीतरी करा.
निळे टी-शर्ट आले, सगळ्यांना एकच माप.
कॅन्टीनच्या भिंतीवर पुठ्ठ्याचा थर्मामीटर,
वेल्डिंग बेचाळीस टक्के, अकाउंट्स अकरा.
अकाउंट्सला काही केल्या ताप चढेना.
दिघीच्या टेकडीवर दोनशे रोपं लावली,
फोटो लावले त्याहून जास्त.
पगारातून शंभर रुपये आपोआप वळते,
नको असतील त्यानं मला येऊन सांगायचं.
कुणी आलं नाही.
अहवालात त्याला 'उत्स्फूर्त प्रतिसाद' म्हटलं.
शब्द माझेच.

आल्या त्या जनाक्का,
ठेकेदाराकडून भांडी घासायला येणाऱ्या.
पदराची गाठ सोडून वीस रुपये काढले,
"माझं बी घ्या की."
घेऊ कसे? त्यांना एम्प्लॉयी नंबर नाही.
कॉम्प्युटर म्हणाला, अशी व्यक्ती अस्तित्वात नाही.
ती व्यक्ती ओल्या हातात नोट धरून
समोर उभी.

मग यादी मागितली, कोण काय सेवा करतं.
गव्हाणेंना बोलावलं.
"लेखनिक आहे," म्हणाले.
"दिसत नाही अशी मुलं उत्तर सांगतात,
मी लिहितो. तीन तास."
अवघड काय असतं त्यात?
चष्मा पुसत राहिले.
"चूक," म्हणाले.
"शिकलगारांची तबस्सुम, टी.वाय., इतिहास.
टिळक रोडला सेंटर.
पानिपताचं साल सांगितलं सोळाशे एकसष्ट.
दोन शतांश मिलिमीटरला माल परत पाठवणारा माणूस मी,
लिहिलं सोळाशे एकसष्ट.
चांगल्या अक्षरात.
जिन्यात विचारते, काका, कुठं चुकलं का हो?
म्हटलं, चहा घेतेस?"

कंपनीनं काय करावं, असं वाटतं?
"टी-शर्ट नको. परीक्षेत बरा दिसत नाही.
माझे अर्धे दिवस कापू नका.
आणि फर्स्ट शिफ्टच्या पोरांना विचारा.
झकास अक्षर आहे दोघातिघांचं.
त्यांना कुणी विचारलेलंच नाही."

ते गेल्यावर जुनी रजिस्टरं काढली.
बारा वर्षांत तेवीस अर्धे दिवस,
साडेअकरा दिवसांचा पगार,
प्रत्येक ओळीपुढे माझी सही.
थर्मामीटरवर याची रेघ कुठेच नव्हती.

छाजेडसाहेबांना टिपण लिहिलं.
वर्षाला दोन दिवस, भरपगारी.
माणूस देईल तेवढेच कंपनीनं घालावेत.
कारण विचारू नये.
पहिलं मंजूर. दुसरं मार्चनंतर बघू.
तिसऱ्यावर लाल रेघ.
पुठ्ठा आता कॅन्टीनच्या फुटक्या तावदानाला लावलाय.
जनाक्कांसाठी अप्पा बळवंत चौकातून
कार्बनचं पावतीपुस्तक आणलं.
पावती क्रमांक एक, रुपये वीस.
त्यांनी ती घडी घालून गाठीत बांधली,
नोट होती तिथंच.

या ऑक्टोबरला एक अर्ज माझा.
कारण: पेपर.
कुणाची सही घ्यायची हेच क्षणभर सुचेना.

अर्थशास्त्र होतं. मुलगा सुसाट सांगत होता.
तिसऱ्या प्रश्नाला थांबला, म्हणाला,
"मॅडम, तुम्ही फार हळू लिहिता.
मागचे काका बरे होते."