सात नंबरची फळी

जांभळी नाक्यावर फितीचं एक टोक माझ्या हातात,
दुसरं पलीकडच्या गटारापाशी, धोत्र्यांच्या.
रस्ता रुंद व्हायचाय.
साडेपाच फूट आत, लाल रंगाची रेघ.

रेघ जाते ती सागवानी खांबांच्या मागून.
म्हणजे खांब गेले, वरची गॅलरी गेली,
तिच्या कठड्यातले बिडाचे मोर गेले,
आणि चुन्यात उठवलेली अक्षरं:
'लखमशी गाला, सन १९३'
पुढचा आकडा केबलवाल्याने खिळा मारताना
आधीच नेलेला.

नातू म्हणतो, साहेब, चहा घ्या.
हुज्जत घालत नाही. इथेच माझी पंचाईत होते.
हुज्जत घालणाऱ्यांसाठी माझ्याकडे वाक्यं आहेत.

या दुकानाला शटर नाही. फळ्या आहेत.
उंबऱ्याच्या खाचेत एकेक सरकवायची,
प्रत्येकीवर सुताराने कोरलेला आकडा,
एक ते अकरा.
क्रम चुकला तर दुकान मिटत नाही.

सातवी फळी नाही.
तिच्या जागी पत्रा, हिरवा, उलटा लावलेला;
मान वाकडी करून वाचावं लागतं:
'यंत्र चालू असताना हात घालू नये.'

वागळे इस्टेटचा, नातू सांगतो.
डांगरीचं कापड, हातमोजे, डबे,
सगळी तिसरी पाळी आमच्याकडून न्यायची, वहीवर.
कंपनीला टाळं लागलं त्या दिवाळीत
एक पेडणेकर आले. उधारी फेडायला नाही,
आणखी एक वस्तू उधार मागायला.
भज्यांची गाडी टाकायची होती, वर पाट हवा होता.
आजोबांनी आतून बाहेर पाहिलं
आणि मधलीच फळी काढून दिली.

कडेची का नाही दिली?
ते नाही माहीत, साहेब.
महिन्याभराने पेडणेकर हा पत्रा घेऊन आले,
बरोबर मापाचा कापलेला.
नंतर गाडी कुठे गेली, कळलं नाही.

माझ्या फॉर्मात रकाने आहेत:
बांधकामाचा प्रकार, बाधित क्षेत्र, वापर.
मी 'वाणिज्य' लिहितो.

चहा संपतो. तो एवढंच विचारतो,
रुंदी तीच राहते ना?
खोली कमी होऊ दे. माल नाहीतरी आता कुठे तेवढा.
पण रुंदी?

रेघ फक्त खोली खाते, हे मला ठाऊक आहे.
तरी मी धोत्र्यांना हाक मारतो,
फीत पुन्हा आडवी धरायला लावतो,
भिंतीपासून भिंतीपर्यंत.

दहा फळ्या, एक पत्रा.
मागे सरकून
बसतील.