पलंग कुठे येणार?

चिरा मऊ असतो असं ज्यांना वाटतं
त्यांनी एकदा छिन्नी धरून बघावी.
वरचा पदर लोण्यासारखा जातो,
मग मध्येच काळा खडा लागतो
आणि हातोडी कोपरापर्यंत बोलते.

सकाळपासून नऊ बॉक्सांचे खड्डे.
भुवयांवर, वेणीत, चहाच्या कपात तांबडी पूड.
जमीन अजून भरलेली नाही,
मापं खालून घ्यायची नाहीत,
नळीतल्या पाण्याने मारलेल्या निळ्या रेषेवरून घ्यायची.
दाजी मेस्त्री दोन ठिय्यांमध्ये सूत ताणतो.
सूत सांगेल तेवढाच बॉक्स भिंतीबाहेर, अर्धा इंच.
जास्त झाला तर तो थापी आपटतो,
कमी झाला तर मी लांब स्क्रू शोधत फिरते.
"चेडवा, तुझो बॉक्स वाकडो हा."
लेव्हल लावून दाखवते. बुडबुडा मधोमध.
"मगे माझी नजर वाकडी," म्हणतो,
आणि तंबाखू मळतो.

शेवटची खोली झोपायची.
रोझलिनबाईंना विचारलं, पलंग कुठे येणार?
हे मी प्रत्येक घरात विचारते,
बहुतेक बायका नवऱ्याला फोन लावतात.
सांतान डांटस बोटीवर कुक.
फोन लागला नाही.
त्याच्याकडे किती वाजले असतील
तेही तिला सांगता येईना.

मग तिनेच सिमेंटच्या पिशव्या ओढल्या,
वर परांचीची फळी टाकली
आणि गाऊन सावरून आडवी झाली.
आधी भिंतीकडे. "इथे तो."
थोडी थांबली.
"पण तो दोन महिने. दहा महिने मी मधे निजते."
सरकली. डोळे मिटून हात लांब केला.
चिऱ्यावर बोटं टेकली तिथे
मी खडूने फुली मारली,
वहीत लिहिलं: रेषेखाली चौदा इंच.

पत्र्याचा बॉक्स नको, खारा वारा चार पावसांत खातो.
प्लास्टिकचा घेतला.
चिऱ्याला आधी पाणी पाजलं,
नाहीतर तो मालातलं सगळं पिऊन टाकतो.
कडेनं माल भरला, अंगठ्यानं दाबला,
आत कागद कोंबला:
मासळीचे भाव, एक श्रद्धांजली, अर्धं सोडवलेलं कोडं.

एकवीस दिवसांनी नियाजला घेऊन तारा ओढायला आले.
भिंती करड्या, गुळगुळीत. आठ चौकटी.
नवव्यावरून दाजीने सरळ पाटा ओढलेला.
वही म्हणते रेषेखाली चौदा,
आणि रेष गिलाव्याच्या आत.
छिन्नीच्या बुडाने ठोकत गेले,
भरीव, भरीव, भरीव.

रोझलिनबाई दारात उभी होती.
पिशव्या संपल्या होत्या, फळी दुसऱ्या घरी गेलेली.
ती नुसतीच गुडघ्यांवर बसली,
डोळे मिटले, हात लांब केला.
तिथे ठोकलं. भरीव.
चार बोटं डावीकडे
आवाज बदलला.

पापुद्रा निघाला. कागद ओढला, लगदा झालेला,
कोड्याचे दोन-तीन रकाने तेवढे वाचता येत होते.
स्प्रिंग आत सोडली.
वळणावर अडली, मागे घेतली, पुन्हा रेटली,
आणि दाराजवळच्या बॉक्सपाशी
नियाज ओरडला,
आली!