चार मिनिटं पुढे

अक्कलकोट रोड, एमआयडीसी. शनिवारची रात्र.
माग थांबले तरी कानातली खटखट
जरा उशिरानेच थांबते.
नमुन्याच्या टॉवेलांचे गठ्ठे सरकवत
मी जुन्या सर्व्हरपाशी पोचले.
जाळीत अडकलेला सुताचा भुरका बोटानं ओढला
तर निघाली चक्क एक वात.

तेरा वर्षं झाली याला.
कारखान्यात कोण कोण आहे, हे यालाच पाठ.
सकाळी प्रत्येकानं आधी याला नाव सांगायचं,
मगच त्याची खुर्ची त्याची.

बसवला होता चिलवेरी सरांनी.
मी त्यांच्याकडून काम मागून घेतलं नाही.
एका दुपारी मालकांनी त्यांना वर बोलावलं,
खाली आले ते थेट गेटबाहेर,
डबासुद्धा इथंच राहिला.
ड्रॉवरात त्यांची वही सापडली, सगळी तेलुगूत.
मला तेलुगू बोलता येतं, वाचता येत नाही.
पासवर्ड आईनं वाचून दिला, विडीचं पान कापता कापता,
आणि हसली.
का हसली ते इथं लिहिणार नाही.

नवा सर्व्हर जोडला. नावं वाहू लागली
एका पेटीतून दुसऱ्या पेटीत.
डिस्पॅच दोन. फोल्डिंग.
पुष्पा यन्नम, लग्न होऊन गुलबर्ग्याला गेलेली.
रंगखात्यातले इरण्णा, ज्यांच्या तेराव्याला आम्ही सगळे होतो.
सर्व्हर विचारत नाही कोण आहे, कोण नाही.
बीम संपली की जोडणारा बसतो ना,
जुन्या ताण्याचं एकेक टोक
नव्याला गाठ मारत, तसं.
माझे वडील तेच करायचे.
गाठ मारताना धाग्याकडे बघायचे नाहीत.

बारा चाळीस. आता पाच अधिकार हलवायचे.
याला दोन रीती.
जुना जिवंत असेल, तर त्याला विचारून.
मेला असेल, तर हिसकावून.
पण हिसकावलं, की मग तो पुन्हा उठला तरी
त्याला या जाळ्यात घ्यायचं नाही, असा नियम.
मी विचारून घेतले. एक. दोन. तीन. चार.
दर वेळी स्क्रीन म्हणाला, खरंच?
सरांना कोणी एकदाही विचारलं नव्हतं.

पाचवा वेळेचा.
ऑफिसातली घड्याळं, हजेरीचं यंत्र, पाळीची घंटा,
सगळं याच्या वेळेवर.
आणि हा चार मिनिटं पुढे!
मी समजले, म्हातारा झाला, चुकतोय.
मग वहीतलं शेवटचं पान आठवलं.
आई वाचताना म्हणाली होती, इथं घड्याळाचं काहीतरी आहे बघ,
'मुद्दाम' असं दोनदा लिहिलंय.

गेटवर महिबूबचाचांना विचारलं.
'चार मिनिटं? ते तर टमटमसाठी की, म्याडम.
शेजारचे कारखाने सुटायच्या आत
आपल्या बायका नाक्यावर पोचत्यात.
विडी घरकुलापतूर बसून जात्यात.
नाहीतर लटकावं लागतंय.'

पाच मिनिटांपर्यंतचा फरक
हे जाळं माफ करतं, त्यापुढे दार लावून घेतं.
पुस्तकात मी हे वाचलं होतं, परीक्षेसाठी.
सरांनी पाचातली चार घेतली
आणि एक ठेवली, सावधगिरीची.

पाचवा अधिकार दिला.
नव्याला सांगितलं, वेळ जगाला विचारू नकोस.
हातानं चार मिनिटं ढकलली.
काही बिघडलं नाही.
मग जुना बंद केला. त्याचा पंखा
थांबता थांबता दोनदा फिरला.

बाहेर हवा अजून तापलेलीच,
कुठंतरी टँकर पाणी सांडत चाललेला.
चाचा खाटेवर उठून बसले.
'किती वाजले, म्याडम?'
मनगटावर तीन अठरा.
'इथले,' मी म्हटलं,
'तीन बावीस.'